घोडा पलीकडे, मांडव अलीकडे

नवरदेवाचा घोडा दुभाजकापाशी येऊन थांबला आणि मागून वाजतगाजत येणाऱ्या परण्याच्या मिरवणुकीतली सगळी माणसं एकमेकांच्या अंगावर आदळली.

पैठणकडच्या नव्या महामार्गाने गोदाकाठच्या त्या गावाचे दोन तुकडे केले होते. शाळा नदीच्या बाजूला, कडुबाचा मांडव रस्त्याच्या अलीकडे. वऱ्हाडाच्या मुक्कामाचा जानोसा पहिल्यापासून शाळेतच द्यायचा, म्हणून पोरीच्या लग्नातही कडुबाने तो तिथेच दिला. कमरेएवढा सिमेंटचा दुभाजक उभा राहून चारच दिवस झाले होते. माणसं तो चढून येत-जात होती. घोड्याचा विचार मात्र कुणाच्या डोक्यात आला नाही.

“वळायचं कुठून?” नवरदेवाचे वडील बद्रीनाथराव यांनी विचारलं.

“पुलाच्या पुढनं. जाऊन-येऊन सात किलोमीटर,” गावातलं कुणीतरी म्हणालं.

मुहूर्ताला अकरा मिनिटं उरली होती. कडुबाने अलीकडून हात जोडले. “पाव्हणं, शिवराजला उतरू द्या की. दोन पावलं तर हायेत.”

“उतरायचं नाय!” बद्रीनाथराव गरजले. “मांडवाच्या दारापर्यंत नवरदेव घोड्यावरून उतरत नसतो. आमच्यात रिवाज हाये.”

शिवराज घोड्याच्या कानांकडे बघत बसला. उडी मारायला तो केव्हाचा तयार होता, पण बापापुढे बोलायची टाप नव्हती. दोन्ही बाजूंना गाड्या तुंबल्या. पैठणची एसटी, उसाचे ट्रॅक्टर, चितेगावच्या कारखान्यातल्या कामगारांची बस. हॉर्नच्या गोंगाटात कडुबाचा चेहरा एवढासा झाला.

मांडवात निरोप पोचला तशी रूपाली पाटावरून उठली. हार हातात घेऊन थेट रस्त्यावर आली. “अगं, नवरी अशी बाहेर येती व्हय?” म्हणत बायका मागे धावल्या, पण ती दुभाजकाला टेकूनच थांबली.

“मामंजी, तुमचा रिवाज मोडायचा नाय,” ती म्हणाली, “अन् माझा मुहूर्त चुकायचा नाय. इथंच लावा लग्न.”

भटजी गडबडले. “इथं? अन् अंतरपाट?”

रूपालीच्या आत्याने, गोजरबाईने, दुभाजकावर थाप मारली. “ह्यो काय! सरकारनंच धरलाय की मधी.”

पहिलं हसू एसटीतून आलं. मग ते ट्रॅक्टरवर गेलं, कामगारांच्या बसमध्ये गेलं आणि बद्रीनाथरावांच्या मिशीतही शिरलं. कंडक्टरने अक्षतांचं ताट घेतलं आणि तिकिटं फाडावीत तशा त्या बसभर वाटल्या. भटजी बँडवाल्याच्या खांद्याला धरून दुभाजकावर उभे राहिले. प्रत्येक ‘सावधान’ला खिडक्या-खिडक्यांतून अक्षता पडत होत्या आणि ड्रायव्हर लोक हॉर्न वाजवत होते. शिवराज हार घालून घ्यायला वाकला, तर घोड्याने त्यातली दोन झेंडूची फुलं आधी खाल्ली. रूपाली इतकी हसली की मुंडावळ्या सरकल्या.

टाळ्या पडल्या आणि शिवराजने कुणालाही न विचारता घोड्यावरून दुभाजकावर पाय टाकला आणि तिथून थेट बायकोशेजारी उडी मारली.

राहिली व्याहीभेट. कडुबाने दुभाजकावरून दोन्ही हात पसरले. बद्रीनाथराव असे भेटले की कडुबाच्या भावकीने त्यांना तसंच अलीकडे ओढलं. एक पाय आला. दुसरा पलीकडेच राहिला. धोतर सावरत व्याही दुभाजकावर टांग टाकून बसले. डोळे भरले होते, ते त्यांनी लपवले नाहीत.

“उतरा की आता, पाव्हणं. पंगत खोळंबलीय,” कडुबा म्हणाला.

बद्रीनाथरावांनी फेटा नीट केला, पाठ ताठ केली.

“मांडवाच्या दारापर्यंत उतरायचं नाय. रिवाज हाये,” ते म्हणाले आणि त्यांनी बँडवाल्यांना हात केला, “वाजवा!”