ओली गाठ

गाठ दातांनीही सुटेना. दीपानं पुन्हा पाण्यात डोकं घातलं, सासूच्या कमरेशी हात चाचपडत नेले आणि फडक्याचं टोक ओढून पाहिलं. भिजलेलं सुती कापड ते, ओढावं तितकं आवळत होतं.

वर्धा नदीच्या ऐन मधल्या खडकावर त्यांचा डोंगा आपटून फुटला होता. नावाडी उकंडा मदत आणायला पोहत काठाकडं गेला. मागं राहिल्या या दोघी, तिरप्या झालेल्या डोंग्याला धरून. वर कुठंतरी जोराचा पाऊस झाला असावा, कारण पाणी चढतच होतं.

त्या साली कापसाला कोणी विचारत नव्हतं. मालकाजवळ रोख नाही म्हणून त्यानं वेचणीची मजुरी कापसातच दिली, आणि तेच गठोडं घेऊन दोघी घरी निघाल्या होत्या. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, इथं तर अख्खं गठोडं होतं. सासूला, तुळसाबाईला, पोहता येत नव्हतं. कापूस काही बुडत नाही, असं म्हणत दीपानं तिला आपल्या हातानं गठोड्याशी बांधलं, वर एक गाठ जास्तीची मारली. थोडा वेळ गठोडं तरंगलंही. मग पाणी पिऊन ते जड झालं, फुटक्या फळीखाली जाऊन अडकलं आणि म्हातारीला खाली ओढू लागलं.

"म्याच मारलं तुमाले, आत्याबाई," दीपा रडत म्हणाली.

"तू जाय व पोरी," तुळसाबाई म्हणाली. पाणी तिच्या गळ्याशी आलं होतं. "घरी लेकरू वाट पाहून राह्यलं."

"मी नाही जात."

तालुक्याहून रबरी बोट आली तेव्हा म्हातारी हनुवटी आभाळाकडं करून श्वास घेत होती. बोटीतल्या किसनसिंगनं सुरा काढला आणि वाकून पाण्यात हात घातला. "आजी, पोट आत घ्या. हालू नका." फडकं लवकर कापलं जाईना. एक लाट तुळसाबाईच्या तोंडावरून गेली. तिचं डोकं दोन्ही हातांनी वर धरलेल्या दीपाला वाटलं, गेली. तेवढ्यात कापड तुटलं, आणि दोघींना बोटीत ओढून घेतलं.

किसनसिंगनं नारिंगी जाकीट पुढं टाकलं. "हे आजीले घाला, ताई. नाड्या आवळून बांधा. अर्धी नदी बाकी हाये अजून."

दीपानं सासूच्या अंगात जाकीट चढवलं. नाड्या हातात घेतल्या आणि तशाच सोडून दिल्या.

"तुमीच बांधा, दादा," ती म्हणाली. पण तो बोट सावरण्यात गुंतला होता.

तुळसाबाईनं खोकून नाकातोंडातलं पाणी काढलं आणि सुनेकडं पाहिलं.

"थांबली कायले? बांध," ती म्हणाली. "तुह्या हातची गाठ सुटत नाही, पाह्यलं ना म्या."