पूर्वेचं गेट

भिंतीपलीकडे चेंडूला लाथ बसल्याचा धप्पकन आवाज आला आणि फुटपाथवर उभ्या असलेल्या सगळ्यांचा श्वास अडकला.

"काय झालं, मास्तर?" वायरमनने विचारलं.

"थांब की! फोन मागून येतोय."

टेलरमास्तरांच्या हातातल्या फोनवर मॅच दिसत होती, पण जरा उशिराने. आवाज आधी भिंतीवरून यायचा, बातमी नंतर हातात पडायची. मधल्या त्या वेळात माणसं अर्धमेली व्हायची.

"बसला," मास्तर शेवटी म्हणाले. "आपल्यावर गोल बसला."

सीझनची शेवटची मॅच. जिंकली तरच टीम टिकणार होती, नाहीतर खालच्या डिव्हिजनमध्ये रवानगी. बरोबरीनेही भागणार नव्हतं. आणि स्टेडियम रिकामं. हिवाळ्यात पूर्वेच्या जिन्यावर चेंगराचेंगरी झाली, माणसं गेली, तेव्हापासून प्रेक्षकांना बंदी होती. म्हणून ही शे-दीडशे माणसं भर उन्हात पूर्वेच्या बंद गेटजवळ भिंतीला कान लावून उभी होती.

वायरमनचा थोरला भाऊ त्या जिन्यावरच गेला होता. वहिनी त्यानंतर कधी घराबाहेर फारशी पडली नव्हती. आज मात्र आपण होऊन चपला घालून, हातात पिशवी घेऊन उभी राहिली. "उद्या ह्यांनी विचारलं मॅचचं काय झालं, तर सांगायला नको का?" म्हणाली. वायरमनने तिला सोबत घेतलं.

हाफटाइम झाला. पुन्हा शिट्टी वाजली. आणि थोड्या वेळाने टाळ्या ऐकू आल्या.

आधी तुरळक, मग तालावर. वायरमनने मागे वळून पाहिलं. फुटपाथवर कुणाचेच हात हलत नव्हते. जो तो दुसऱ्याच्या हातांकडे बघत होता.

"फोनमधून येत असेल," कुणीतरी म्हणालं.

मास्तरांनी फोन कानाला लावला आणि मान हलवली. फोनवर फक्त गोलकीपरची आरडाओरड होती. स्क्रीनवर खुर्च्यांच्या रांगा उन्हात तापत पडलेल्या. चिटपाखरू नाही.

टाळ्यांमागून गाणं आलं. टीमचंच, नेहमीसारखं बेसूर, पूर्वेच्या बाजूने. बाहेरच्या एकानेही त्यात सूर मिसळला नाही. मग भिंतीपलीकडे एकच गलका उठला, हजारो घशांचा. कुणी जागचं हललं नाही. क्षणभराने फोनवर चेंडू जाळ्यात गेलेला दिसला. बरोबरी झाली. एरवी ही माणसं एकमेकांच्या गळ्यात पडली असती. आज नुसती एकमेकांच्या जवळ सरकली.

वेळ संपत आली. ते गाणं थांबावं असं वायरमनला वाटत होतं, आणि थांबलं तर मॅच जाईल अशी धास्तीही वाटत होती. त्याने वहिनीकडे पाहिलं. ती भिंतीला टेकून डोळे मिटून ऐकत होती. तिचे ओठ हलत होते.

अगदी शेवटच्या मिनिटाला तो गलका पुन्हा उठला. इतका मोठा, की भिंत थरथरली. आता फोन बघायची कुणाला गरजच नव्हती.

टीम टिकली. स्क्रीनवर खेळाडू एकमेकांना मिठ्या मारत होते. त्यांच्यातला एक मात्र पूर्वेच्या रिकाम्या स्टँडकडे बघत उभा होता. बघता बघता त्याने हात वर केला, निरोप द्यावा तसा.

आता सगळं शांत होईल असं वाटलं. झालं उलटंच. जिन्यावर पावलं वाजू लागली. खूप पावलं, वरून खाली येणारी. येत येत ती पूर्वेच्या गेटशी थांबली. गेटचा पत्रा आतून हलला. एकदा, दोनदा, मग हलतच राहिला.

गेटवरचा गार्ड स्टुलावरून उठला होता. "आत कुणी नाही," तो म्हणाला. "मी स्वतः फिरून आलोय. आणि वरून सांगितल्याशिवाय हे गेट उघडायचं नाही, अशी ऑर्डर आहे."

वहिनी पुढे झाली. "त्या दिवशीही हीच ऑर्डर होती ना?"

गार्डने खिशातली किल्ली चाचपली. जिना उतरून आलेल्या माणसांना त्या दिवशी हे गेट बंद मिळालं होतं. मागून लोंढा येतच राहिला होता.

"उघडा, काका," वहिनी म्हणाली. "त्यांना घरी जायचंय."

गार्डने किल्ली लावली, पण हलत्या पत्र्यावर कुलूप ठरेना. वायरमनने कुलूप धरलं, तेव्हा कुठे ती फिरली. गेट करकरत उघडलं.

आत मोकळा जिना होता आणि पायऱ्यांवर ऊन. कुणी बाहेर आलं नाही. पण फुटपाथवरची गर्दी आपोआप दोन बाजूंना सरकली आणि मधे वाट झाली. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. मास्तरांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. बराच वेळ कुणी ती वाट ओलांडली नाही.

वहिनी त्या वाटेच्या कडेला उभी होती. एका क्षणी तिचा चेहरा उजळला. तिने पिशवी डाव्या हातात घेतली.

"चला आता," ती म्हणाली, आणि घराच्या दिशेने चालू लागली.

वायरमन तिला हाक मारणार होता. मारली नाही. फुटपाथ अरुंद होता, समोरून बाजारहाट करून माणसं येत होती. त्यांना मॅचचं काही ठाऊक नव्हतं, गेटचंही नव्हतं. तरी वहिनीच्या उजवीकडे एका माणसाची जागा सोडून प्रत्येक जण रस्त्यावर उतरून पुढे जात होता.