भिंत खाणारी

ढोरांच्या डॉक्टरांनी टोपलीतले आणखी एक पिल्लू उचलून अंगणात उभे केले. तेही पाय फाकवून मटकन खाली बसले. रुखमाबाईच्या तोंडचे पाणी पळाले.

पंचायत समितीने ब्राह्मणपुरीजवळच्या या वस्तीत कोंबडीची विलायती पिल्ले वाटली, त्याला दीड महिना झाला होता. पांढरीशुभ्र, मांसासाठी वाढवायची, गावठीच्या दुपटीने वाढणारी. रुखमाबाईच्या वाट्याला दहा आली आणि तिने ती तळहाताच्या फोडासारखी जपली. सरकारी पाहुणे ते! त्यांचे पाय मातीला लागू दिले नाहीत, घार बघेल म्हणून उन्हात काढले नाही. घरातल्या अंधाऱ्या कोपऱ्यात टोपली, टोपलीत धुतलेले गोणपाट, खायला पाखडून भरडलेली ज्वारी. तिचा नवरा दगा म्हणायचा, एवढे तर बायकोने मलाही कधी जपले नाही. ते खरेच होते.

डॉक्टर भला माणूस, पण आज त्यांचा चेहरा उतरला होता. साथीचा रोग असेल तर सगळी पिल्ले मारून पुरावी लागतील, म्हणाले, आणि सोबत वस्तीतल्या गावठी कोंबड्याही. कुंपणापाशी शेजारची सरलाबाई आपली कोंबडी काखेत घट्ट धरून उभी होती. तिची नजर रुखमाबाईला सोसवेना.

"दहा दिली होती ना? इथे नऊच आहेत," डॉक्टर म्हणाले.

दहावे मांजरीने नेले, असे दगाने ठोकून दिले. डॉक्टरांनी मान हलवली आणि त्यांची नजर दारालगतच्या भिंतीवर गेली. दिवाळीत चुन्याचा हात दिलेली ती भिंत खालून वीतभर टोकरलेली होती, आतली माती दिसत होती. हे कोणी केले, त्यांनी विचारले.

हेच रुखमाबाईला नको होते. दहावे पिल्लू पहिल्या आठवड्यातच टोपलीतून उडी मारून पळाले होते. कितीदा आत घातले तरी बाहेर. दिवसभर उन्हात भटकायचे आणि भिंतीला टोचा मारत बसायचे. घर टोचणारी कोंबडी घरातल्यांच्या मुळावर येते, ती त्याच दिवशी विळ्याखाली घालावी, असे तिची सासू सांगून गेली होती. रुखमाबाईने दोनदा विळा हातात घेतला आणि दोनदा परत आढ्याला खोचला. मग बाकीची पिल्ले बसू लागली, तेव्हा तिची खात्रीच पटली की हे सगळे हिच्यामुळे. आणि आता तिच्या एका कच्च्या मनापायी अख्ख्या वस्तीच्या कोंबड्या जाणार होत्या. रुखमाबाईला आता ही लपवालपवी सहन होईना.

"मांजर नही लई गयी, सायेब," ती म्हणाली. "ती घरनी भीत खास. म्हणीसन मी तिले लपाडी ठेयेल शे."

तिने अंगणाच्या कोपऱ्यातले पालथे डालगे उचलले. आतले पिल्लू ताडताड पळत अंगण ओलांडून गेले, थेट भिंतीपाशी, आणि टोचा मारू लागले.

डॉक्टर बघतच राहिले. मग त्यांनी ते धरले, पाय दाबून पाहिले आणि ओट्यावर बसून हसायला लागले. रोग नव्हता. टोपलीतल्यांच्या हाडांना ना चुना मिळाला होता, ना ऊन. तापीकाठचे शिंपले कुटून ज्वारीत घाला, त्यांनी सांगितले, आणि रोज उन्हात सोडा. ताजा चुना मात्र नको, तोंड भाजेल. शिंपले आणेपर्यंत भिंतीचा हा जुना, वाळलेला चालेल. पंधरा दिवसांत उठतील बहुतेक.

"मंग पुरानं नही ना, सायेब?"

"नाही, बाई. हिने भिंत खाल्ली नसती, तर आज सगळी पुरली असती मी."

रुखमाबाईचा जीव भांड्यात पडला. काखेतली कोंबडी सोडून देऊन सरलाबाई घरी गेली.

रुखमाबाईने नऊही पिल्ले एकेक करून भिंतीच्या कडेला उन्हात आणून बसवली. मग तिने आढ्याचा विळा काढला आणि आपल्या पांढऱ्या भिंतीचे पोपडे त्यांच्या चोचींपुढे खरवडून पाडू लागली.

"खा रे," ती म्हणाली. "मन्हं घर खा."