सात मिनिटांचा थांबा

“त्या झाडाची फांदी तोडली, आणि दुसऱ्या दिवशी आमच्या गावच्या मायकोचं तोंड असं वाकडं झालं. शवपेटीत घालेपर्यंत ते सरळ झालं नाही,” पर्यटकांची बस चालवता चालवता मॅलाकीने माईकवर सांगितलं आणि आरशात बघून स्वतःचं तोंड वाकडं केलं. बस हसली. पुढच्या सीटवरची नोरा तेवढी हसली नाही. एकावन्न वर्षांच्या संसारात नवऱ्याच्या अशा पुष्कळ थापा तिने ऐकल्या होत्या. ही मात्र तिला नवीन होती.

“हे खरंय?” मागून एका अमेरिकन बाईने विचारलं.

“बाई, खोटं बोलायचं असतं तर सकाळी किल्ल्यातच बोललो असतो. तिथं ते खपतं.”

मॅलाकीचा आज बसवरचा शेवटचा दिवस होता, म्हणून कंपनीने त्याच्या बायकोसाठी एक जागा ठेवली होती. एरवी नोरा कधी बसमध्ये चढली नव्हती आणि त्यानेही तिला कधी आग्रह केला नव्हता. आज गोष्टीतल्या त्या झाडापाशी न थांबता सरळ पुढे जायचं, असं तो घरून ठरवूनच निघाला होता. तो थांबा छापील कार्यक्रमात नव्हताच. किल्ला, पडकं चर्च, समुद्रावरचे कडे, एवढंच त्या कागदावर होतं. पण वळण आलं आणि पाय आपणहून ब्रेकवर गेला. एकतीस वर्षांची सवय ती.

“सात मिनिटं. झाडाला हात लावू नका, ते जमिनीखालच्या माणसांचं, पऱ्यांचं आहे. लावलात तर घरचे तुम्हाला ओळखणार नाहीत.”

लोक हसत उतरले. कुरणात मातीचा जुना गोल बांध होता, मध्ये काटेरी झाड, आणि झाडाभोवती गवतात पाटीएवढे पांढरे दगड. फाटकाशी पिवळा जेसीबी घरघरत उभा होता. शेताचा मालक एंडा लिलिस त्याला टेकून चहा पीत होता.

“या मॅलाकी. माझ्या शेताच्या जिवावर जन्मभर थापा मारल्यात, आज शेवटची मारून घ्या,” एंडा म्हणाला. “इथं बस लावायला जागा करतोय. तुमच्याच गोष्टीमुळे लोक येतात, मग निदान नीट उभे तरी राहू देत. आणि तोंड पाडू नका. झाडाला कोण हात लावतंय? मीही इथलाच आहे. फक्त दगड काढायचेत.”

मॅलाकी गवतातून नेहमीच्या जागी गेला, बांधाच्या आत, झाडापासून तिसऱ्या दगडाशी. तिथं त्याने टोपी काढली आणि हातात धरून उभा राहिला. लोकांनी फोटो काढले. रोजच काढत. खेळाचाच भाग असावा, असं त्यांना वाटे.

नोरा काठी टेकत फाटकापर्यंत आली होती. तिथून तिला नवऱ्याचं उघडं डोकं दिसलं.

मॅलाकी दोनच ठिकाणी टोपी काढत असे. एक चर्चमध्ये, आणि दुसरं रस्त्याने एखाद्याची शवपेटी जात असेल तेव्हा. लग्नाच्या फोटोतसुद्धा ती त्याच्या डोक्यावर होती. इथं चर्च नव्हतं आणि रस्त्याने कोणाची पेटीही जात नव्हती.

लग्नानंतर तिसऱ्या वर्षी त्यांना मुलगी झाली होती. फादरची सायकल वळणावर दिसली तोवर मुलगी गेली. बाप्तिस्म्याचं पाणी डोक्यावर पडलं नाही म्हणून गावच्या कबरस्तानात तिला जागा मिळाली नाही. अशी मुलं बाप घेऊन जायचा, संधिप्रकाशात, एकटा, आणि कुठेतरी पुरून वर दगड ठेवायचा. कुठे ठेवलं ते आईला सांगायचं नाही. सांगितलं तर ती तिथं जाऊन बसेल, असं सगळे म्हणत. मॅलाकी त्या संध्याकाळी साबणाचं खोकं काखेत घेऊन गेला आणि हात धुऊन जेवायला बसला. नोराने विचारलं नाही. त्यानेही सांगितलं नाही. पुढे पुढे तर सांगणं अवघडच होत गेलं. ती दोघं वाईट नव्हती, त्या काळची होती, एवढंच.

एंडाने हात केला. जेसीबी फाटकातून आत आला आणि त्याचं फावडं खाली झुकलं.

मॅलाकीने तोंड उघडलं. इतक्या वर्षांत हजारो माणसांना हसवणारं ते तोंड हललं, पण त्यातून शब्द निघेना.

“एंडा, दगड राहू दे,” नोरा म्हणाली. आवाज मोठा नव्हता, तरी लोक बोलायचे थांबले. “त्यातल्या एकाखाली माझी मुलगी आहे. कुठल्या, ते हा सांगेल आता.”

एंडाने एकेक करून सगळ्या दगडांवरून नजर फिरवली. इतके दिवस ते त्याला नुसते दगड दिसत होते. त्याने चालवणाऱ्याला खूण केली. यंत्र बंद झालं, आणि एंडानेही डोक्यावरची टोपी काढली.

नोरा गवतातून हळूहळू आत आली. मॅलाकीने टोपीनेच तिसरा दगड दाखवला. तिला खाली वाकता येईना, म्हणून तिने काठीचं टोक दगडावर अलगद टेकवलं.

“रोज यायचास?”

“बस असेल त्या दिवशी. त्यासाठीच तर ती मायकोची गोष्ट रचली. बस थांबवायला काहीतरी कारण हवं होतं, नोरा.”

तिने मान हलवली. झाडाखाली उभ्या असलेल्या त्या अनोळखी माणसांकडे ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, “अख्ख्या जगाला घेऊन आलास, मॅलाकी. मला तेवढं आणलं नाहीस.”