आईच्या वतीने

"शिडी," आई तिच्या कानात म्हणाली.

मुलीने पेन उघडलं आणि तसंच धरून ठेवलं. जेवणाच्या टेबलावर पुठ्ठ्याचा आडोसा उभा केला होता. आडोशाच्या आत मतपत्रिका होती आणि तिच्यासमोर त्या दोघी. निवडणूक अधिकारी आणि त्यांचा मदतनीस स्वयंपाकघराच्या दाराशी पाठ करून उभे होते. ज्यांना केंद्रावर जाणं जमत नाही त्यांचं मत घरी येऊन न्यायचं, असा राज्याच्या या निवडणुकीपासून नियम झाला होता. आईची दृष्टी दोन वर्षांपूर्वी गेली. तिच्या वतीने खूण करायला कुणीतरी सोबती हवा होता. सोबती म्हणून मुलगीच बसली होती.

सुरुवात तर हसतखेळत झाली होती. अधिकाऱ्यांनी ओळखपत्र मागितलं तेव्हा आई म्हणाली, "फोटोत मीच आहे ना, ते तुम्हीच बघा साहेब. मला मेलीला कुठलं दिसायला!" मग त्यांनी मुलीपुढे एक कागद सरकवला. मतदार सांगेल तिथेच खूण करीन आणि ती कुणालाही सांगणार नाही, असं त्यावर छापलं होतं. तिने खाली सही केली.

शिडी ही बाबांची निशाणी. बाबा उमेदवार बघायचे नाहीत, शिडी बघायचे. मतदानाच्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून आईला केंद्रावर घेऊन जायचे आणि दारात बजावायचे, "शिडी. विसरू नकोस." आई मान डोलवायची. मुलीला कळू लागल्यापासून त्या मान डोलवण्याची चीड होती. आठ महिन्यांपूर्वी बाबा गेले. त्यांची खुर्ची अजून टेबलाशीच होती, तिच्यावर कुणी बसत नसे. आज अधिकाऱ्यांनी तिच्यावर आपली बॅग ठेवली होती. आईला ते दिसत नव्हतं, म्हणून मुलगीही काही बोलली नव्हती.

मुलगी बाकाची. बाक ही शाळेतून निवृत्त झालेल्या बाईंची निशाणी. बाईंच्या मागे ना पक्ष होता ना पैसा, होत्या त्या शेजारपाजारच्या चाळीसेक बायका. गेल्या निवडणुकीत बाई एकोणीस मतांनी पडल्या. या खेपेला मुलगी कामावरून सुटली की थेट घरी न येता लोकांचे जिने चढत होती. दार उघडणाऱ्या प्रत्येक बाईला तेच सांगत होती, "घरातले काय म्हणतात ते घरात ठेवून या. आत गेलात की तुमचं तुम्ही ठरवा." काहींनी तोंडावर दार लावलं. एकीने पाणी दिलं आणि हळूच विचारलं, "खरंच कुणाला कळत नाही ना?"

एकोणीस मतं. म्हणजे एका इमारतीचे दोन मजले.

"सापडली का ग?" आईने विचारलं.

"शोधते आहे."

शिडी तिसरी होती, बाक पाचवा. हे आईचं मत नाहीच, तिला वाटलं. हे बाबांचं. माणूस गेलं, पण त्याचं बजावणं अजून हिच्या तोंडून बोलतं आहे. कुणीतरी हिला त्यातून सोडवायला हवं. तिने बाकासमोर खूण केली, मतपत्रिकेची घडी घातली, लिफाफ्यात सरकवली आणि डिंक लावून लिफाफा दाबून धरला.

अधिकाऱ्यांनी लिफाफा कुलूपबंद पेटीत टाकला. आडोसा मिटला. खुर्चीवरची बॅग उचलली. "येतो आजी," म्हणाले. जिन्यावरून पावलं उतरत गेली.

आई टेबलाशीच बसून राहिली. आठ महिन्यांत तिचा चेहरा इतका निवांत दिसला नव्हता.

"शिडीसमोरच केलीस ना खूण?"

"हो," मुलगी म्हणाली.

आईने चाचपडत तिचा हात शोधला आणि आपल्या दोन्ही हातांत घेतला. "तुला हसू येईल. पण आता सांगायला हरकत नाही. आजवर एकदाही मी शिडीला मत दिलं नव्हतं."

खाली गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.

"ते बाहेर थांबायचे. मी आत गेले की मला पटेल तिथे शिक्का मारायचे. गेल्या खेपेला तर तुझ्या बाईंनाच दिलं. मी बाहेर आले की ते विचारायचे, 'शिडीच ना?' मी म्हणायचे, 'हो.' इतके खूश व्हायचे ग! घरापर्यंत माझा हात धरून चालायचे. एरवी रस्त्यात कधी धरला नाही त्यांनी."

मुलीने खिडकीकडे पाहिलं. गाडी फाटकातून बाहेर पडून वळत होती.

"इस्पितळात शेवटचे चार दिवस सांगू सांगू म्हणत होते त्यांना. जीभच रेटली नाही." आईने डोळे टिपले आणि ती हसली. "म्हटलं, ते गेले तरी एकदा त्यांच्या मनासारखं करावं. आज माझं ते 'हो' खरं झालं बघ."