नानचा घास

स्कॅनच्या चित्रावर डॉक्टर झोकिरजान यांनी निळ्या पेन्सिलीने तीन खुणा केल्या. "सुजून सुजून आतडं इथे अगदी चिंचोळं झालंय. एवढंच कापायचं."

"आणि चित्रात न दिसलेलं काही निघालं तर?" नफोसतने विचारलं.

"ते पोट उघडल्यावरच कळेल."

नफोसतच्या आईने रुमालातून नान काढून तिच्या तोंडाशी धरला. "एक घास घे गं. उरलेला भिंतीवर टांगते, परत येऊन तूच संपव."

समरकंदात लांब जाणारा माणूस असा घास घेऊनच उंबरा ओलांडतो. नफोसतचा भाऊ घाईत तसाच रशियाला गेला, तो अजून आलेला नाही.

"मावशी, ऑपरेशनआधी पोटात कणही जाता कामा नये," डॉक्टर म्हणाले. आईचा हात काही मागे होईना. शेवटी डॉक्टरांनीच नानला तोंड लावून मोठा घास तोडला. "घ्या, तिच्या वाटचा मी खाल्ला. टांगा आता खुशाल!"

आईचा जीव भांड्यात पडला.

स्ट्रेचर आत जाताना नफोसतने मान वळवून आईच्या हातातल्या नानकडे पाहिलं. त्यावर दात उमटले होते ते डॉक्टरांचे. म्हणजे नक्की परत येणार होते, ते डॉक्टर.