जनार्दनची जागा

जनार्दनच्या बेसण्याला, म्हणजे तो गेल्यानंतरच्या शोकसभेला, प्रतापसिंह पांढरा, कडक इस्त्रीचा शर्ट घालून गेला. फोटोला फूल वाहिलं, हात जोडले, आणि बसला तो नेमका केयूरभाईंच्या शेजारी. जनार्दन नंदेसरीच्या ज्या कारखान्यात सेफ्टी ऑफिसर होता, तिथले हे मॅनेजर.

प्रतापसिंहची मकरपुऱ्यातली कंपनी दिवाळीत बंद पडली, तेव्हापासून तो घरीच होता. नुसते अर्ज पाठवून कोणी बोलावत नाही, ओळखी काढाव्या लागतात, हे एव्हाना त्याला कळून चुकलं होतं. लग्न, वास्तुशांत, बारसं, काही म्हणून सोडत नव्हता.

भजन संपेपर्यंत तो थांबला. मग हलक्या आवाजात म्हणाला, "जनार्दन माझा वर्गमित्र. मीही सेफ्टीतलाच, केयूरभाई. सध्या मोकळा आहे."

केयूरभाईंनी एकदा फोटोकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. "जागा तर भरायलाच लागेल. सोमवारी ऑफिसवर या ने."

निघताना जनार्दनच्या बायकोनं, नयनावहिनींनी, त्याला दाराशी गाठलं. "भाऊजी, तुमची साहेबांशी ओळख दिसते. आमच्या आकांक्षाचाही सेफ्टीचा कोर्स झालाय. यांच्या जागी तिला घेतील का हो? तुम्ही जरा शब्द टाकाल?"

"टाकतो ना, वहिनी." त्याला तिथून कधी एकदा बाहेर पडतो असं झालं.

सोमवारी बायकोनं, शिवांगीनं, पुन्हा पुन्हा बजावलं, "सांगितल्याशिवाय बसू नका. जुन्या कंपनीला नावं ठेवू नका. आणि जरा हसून बोला."

तो वेळेआधीच पोचला. केबिनबाहेरच्या बाकावर आकांक्षा बसली होती. मांडीवर फाइल, डोळे सुजलेले. त्याला बघून ती झटकन उठून उभी राहिली.

"काका! तुम्ही माझ्यासाठी आलात?"

खरं काय ते सांगून टाकावं म्हणून त्यानं तोंड उघडलं. "हो," एवढंच बाहेर पडलं.

तेवढ्यात आतून त्याच्या नावाचा पुकारा झाला. बाप गेल्यापासून पहिल्यांदाच त्या पोरीच्या चेहऱ्यावर जरा जीव आला असेल.

"जा काका. साहेबांना सांगा, घरात दुसरं कमावणारं कोणी नाही."

प्रतापसिंहनं टायची गाठ सारखी केली, दारावर टकटक केली आणि आत गेला. साहेबांनी सांगेपर्यंत उभा राहिला. मग बसला, हसला, आणि घरात दुसरं कमावणारं कोणी नाही असं त्यानं साहेबांना सांगितलं. आकांक्षाचं नाव तेवढं घेतलं नाही.